जुन्या अॅम्प्लिफायरला नवे स्पीकर घेताना या चुका टाळा

अॅम्प्लिफायर घरात आहे, चांगला चालतोय, फक्त स्पीकर बदलायचेत. अशा वेळी बहुतेक जण स्पीकरमागची पट्टी वाचतात आणि '१०० वॉट' दिसलं की आपल्या ४० वॉटच्या अॅम्पला हे झेपणार नाहीत असं ठरवून मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते. स्पीकरवरचे वॉट ही त्याच्या सहनशक्तीची मर्यादा असते. त्याला तेवढी पॉवर लागतेच असं नाही. जोडी जमेल की नाही हे ठरवणारे आकडे दोनच: सेन्सिटिव्हिटी आणि इम्पीडन्स (अॅम्पच्या करंटला स्पीकर करतो तो विरोध, ओहममध्ये मोजलेला).

सेन्सिटिव्हिटी न पाहणं

१ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ती सेन्सिटिव्हिटी. आवाज ३ डेसिबल वाढवायला दुप्पट पॉवर लागते, १० डेसिबल वाढवायला दहापट. त्यामुळे ८४ आणि ९० हे आकडे कागदावर शेजारी वाटले, तरी अॅम्पच्या दृष्टीने त्यांत चौपटीचा फरक आहे.

हिशेब करून पाहा. बसायची जागा अडीच मीटरवर आहे. अंतरामुळे उघड्यावर ८ डेसिबल कमी होतात, पण भिंतींवरून काही आवाज परत येतो आणि दुसऱ्या स्पीकरचे ३ डेसिबल मिळतात. एकूण घट २ धरायला हरकत नाही. ८६ डेसिबलच्या स्पीकरला १ वॉट दिला तर कानाशी ८४ पोचतात. सरासरी ८० डेसिबलवर गाणी ऐकत असाल, तर तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका क्षणभर १०० पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे वर १६ डेसिबल हवेत, त्यासाठी ४० वॉट. स्पीकर ८२ चा असेल तर १०० वॉट लागतील, ९० चा असेल तर १६ पुरतील.

इथे एक मेख आहे. बऱ्याच कंपन्या सेन्सिटिव्हिटी '२.८३ व्होल्टला' म्हणून देतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये एवढ्या व्होल्टेजला बरोबर १ वॉट होतो, ४ ओहममध्ये मात्र २ वॉट. तेव्हा ४ ओहमच्या स्पीकरवर ८९ लिहिलं असेल तर तुलना करताना ८६ धरा.

'८ ओहम'वर डोळे मिटून विश्वास ठेवणं

इम्पीडन्स हा एक ठरलेला आकडा नसतो, फ्रिक्वेन्सीप्रमाणे तो वरखाली होतो. ८ ओहमचा म्हणवणारा स्पीकर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कुठेही ६.४ ओहमच्या खाली जायला नको. तरीही प्रत्यक्ष मोजमापात असे काही स्पीकर ४ ओहमच्या आसपास उतरतात, आणि ही घसरण पुष्कळदा १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. संगीताचा जोर तिथेच जास्त, त्यामुळे अॅम्पकडून करंटही तिथेच जास्त ओढला जातो. म्हणून 'किमान इम्पीडन्स' विचारा. तो छापलेला नसेल तर मोजमापांचा आलेख शोधा.

मग अॅम्पची मागची बाजू वाचा. टर्मिनलजवळ बारीक अक्षरात 'ए किंवा बी: ४ ओहम, ए अधिक बी: ८ ओहम' अशा धर्तीची सूचना असते. तिचा अर्थ असा, की ए आणि बी टर्मिनलला लावलेल्या स्पीकरच्या दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या तर प्रत्येक स्पीकर किमान ८ ओहमचा हवा, कारण समांतर जोडलेले ८ आणि ८ मिळून ४ होतात. अॅम्पच्या माहितीपत्रकात ४ ओहमची पॉवर दिलेलीच नसेल, तर ४ ओहमचे स्पीकर घेऊ नका. ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ८० वॉट असं काही दिलं असेल, तर निर्धास्त राहा.

व्हॉल्व्ह अॅम्पची, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या वापरणाऱ्या अॅम्पची, गोष्ट वेगळी. त्याचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असल्याने स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो तिथे आवाजही चढतो. त्याला इम्पीडन्स सपाट असलेले, ९० डेसिबलच्या आसपासचे स्पीकर शोभतात.

अॅम्प लहान म्हणून ट्वीटर सुरक्षित, हा समज

कमी पॉवरचा अॅम्प ताणला की क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. सरासरी पॉवर वाढते, वरच्या पट्टीतला भाग फुगतो आणि तो थेट ट्वीटरच्या, म्हणजे उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, नाजूक कॉइलवर जातो. गाणाऱ्याचा आवाज कर्कश, चिरका होऊ लागला की लगेच व्हॉल्यूम कमी करा. नॉब निम्म्यावर आहे म्हणजे निम्मी पॉवर शिल्लक आहे, असं समजू नका. इनपुट जोरकस असेल तर पूर्ण पॉवर त्याआधीच संपलेली असते.

ऐकून निवडताना

जो स्पीकर किंचित मोठ्याने वाजतो तो कानाला बरा वाटतो, १ डेसिबलचा फरकसुद्धा त्याला पुरतो. दोन जोड्यांची तुलना करण्याआधी पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा सळसळता आवाज) लावून, फोनवरच्या मीटरने बसायच्या जागी दोन्हींचा आवाज अर्ध्या डेसिबलपर्यंत सारखा करून घ्या. शक्य असेल तर आपलाच अॅम्प सोबत न्या.

जोडल्यावर काही बिघडलं तर

बेस पातळ आणि गायक मधोमध उभा न राहता पसरलेला वाटतो: एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. बेस घुमतो: स्पीकर भिंतीपासून पुढे घ्या, आधी २० सेंटिमीटर, मग आणखी, मागे पोर्ट (हवेसाठीचं भोक) असेल तर हा फरक लगेच कळतो. चार टर्मिनलच्या स्पीकरमधून फक्त ट्वीटर किंवा फक्त वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) वाजतो: मधल्या धातूच्या पट्ट्या निघाल्या आहेत किंवा सैल आहेत. एकच बाजू बंद आहे: अॅम्प बंद करून डाव्या-उजव्या वायरींची अॅम्पकडची टोकं अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या स्पीकरवर गेला तर दोष अॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधी, त्याच स्पीकरवर राहिला तर स्पीकर किंवा वायरमध्ये.

मोठ्या आवाजात अॅम्प आपोआप बंद पडत असेल, तर आधी टर्मिनलमधून बाहेर आलेला तांब्याचा एखादा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकतोय का ते पाहा. नंतर अॅम्पच्या वरच्या जाळीवर काही ठेवलेलं नाही ना, हे तपासा. तरीही बंद पडला तर इम्पीडन्सकडे वळा. काही रिसीव्हरना (रेडिओ वगैरे आतच असलेल्या अॅम्पना) मागे ४ ओहमचं सेटिंग असतं. ते लावल्यावर अॅम्प बंद पडणं थांबेल, पण बहुतेक वेळा आतला व्होल्टेज किंवा करंट मर्यादित करूनच. म्हणजे हवी असलेली पॉवर मिळणार नाही, आणि अशा अॅम्पला जास्त इम्पीडन्सचे स्पीकर घेणं हाच खरा उपाय.