मुहूर्त दसऱ्याचा, फजिती श्रावणातली: शेतासाठी गाडी घेताना या चुका टाळा

दसरा झाला की आमच्या गावात दोन-तीन नव्या गाड्या येतात. बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली फुटलेलं लिंबू, हौद्यात बसून ओरडणारी पोरं. पुढच्या श्रावणात त्यातलीच एखादी ओढून काढायला मला फोन येतो, कारण माझ्याकडं जुना ट्रॅक्टर आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. मी परभणी जिल्ह्यातल्या मानवत-पाथरीच्या पट्ट्यातला, पाच एकरवाला. कापूस, सोयाबीन, बांधावर तूर, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, दोन म्हशी. गाड्यांचं शिक्षण माझं काहीच नाही. फसलेल्या गाड्या मात्र बऱ्याच बघितल्यात, त्यातली एक माझीच होती.

गाडी बघितली, पांदण नाही बघितली

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलणार.

आपण गाडी घेतो दसऱ्याला, दिवाळीच्या पाडव्याला, नाहीतर गुढीपाडव्याला. या तिन्ही मुहूर्तांना पांदण, म्हणजे शेताकडची कच्ची वाट, बहुतेक वाळून खणखणीत झालेली असते. शोरूमवाला म्हणतो चालवून बघा, आपण डांबरावर दोन किलोमीटर चालवतो, एसी लावून बघतो, आणि सही करतो. ज्या वाटेवर ती गाडी पुढं पंधरा वर्षं राबायची, त्या वाटेला कोणी विचारतच नाही.

आमच्या गंगाथडीची, म्हणजे गोदाकाठची, काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात सुकली की पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या खाचांत जाऊन बसते. दहा-वीस फुटांत खाचा भरतात आणि टायर तव्यासारखा गुळगुळीत होतो. मग तो नवा असो की जुना, महागाचा असो की स्वस्तातला, जागेवर फिरत राहतो. पाटोदा-आष्टीकडची मुरमाड, उताराची जमीन वेगळी. तिकडं पाऊस उघडला की थोड्या वेळात वाट मोकळी होते. तिकडच्या पाहुण्याची गाडी बघून इकडं तीच गाडी घेणारे आमच्याकडं कमी नाहीत.

माझा मेव्हणा त्यातलाच. दसऱ्याला नवी पिकअप घेतली, पेढे वाटले, उन्हाळाभर भाडी मारली. श्रावणात एक दिवस पोळ्याच्या बाजाराला जायचं म्हणून आखाड्यावरून रिकामी गाडी घेऊन निघाला. रिकामी, हे लक्षात ठेवा. या गाड्यांचं इंजिन पुढं असतं आणि जोर मागच्या चाकांना असतो. हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नसतं, ती चिखलावर नुसती घसरतात. चाक पहिल्यांदा जागेवर फिरलं तेव्हाच त्यानं थांबायला पाहिजे होतं. पण अंगात नव्या गाडीची रग. त्यानं रेस वाढवली. पुढं, मागं, पुन्हा पुढं. अर्ध्या तासात चाकांनी स्वतःचे खड्डे खणले आणि गाडी पोटावर बसली.

मला फोन आला तेव्हा आवाज बारीक होता. "दाजी, गाडी जरा टेकलीय. ट्रॅक्टर घेऊन येता का?"

जरा म्हणे! जाऊन बघतो तर मागचा ॲक्सल मातीत आणि सायलेन्सरमध्ये पाणी. माझा ट्रॅक्टर पांदणीत पंचवीस फूट गेला आणि तोही तिरपा व्हायला लागला, म्हणून मी निमूट मागं घेतला. शेवटी शेजारच्या आखाड्यावरचे दोन बैलबारदाने (बैलजोड्या) लावले, चाकाखाली तुराट्यांचे भारे टाकले, हौद्यात मागच्या बाजूला खताची पाच पोती ठेवली, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी निघाली. बाजार हुकला. दोन वेळचं दूध डेअरीला गेलं नाही. क्लचप्लेट जळाल्याचा वास मला दोन दिवस नाकात होता.

माझी सवय अशी: गाडी दसऱ्यालाच घ्यायची असेल तर बघायला श्रावणात सुरुवात करायची, आणि ती शोरूमपासून नाही. मोठा पाऊस होऊन एक दिवस गेला की टेप घेऊन, चपला हातात धरून पांदण चालायची. पाय घोट्यापर्यंत जातो तिथं खुणेला काठी रोवायची. सगळ्यात अरुंद जागा मोजायची. छोटा हत्ती (मिनी ट्रक) साधारण दीड मीटर रुंद, मोठी पिकअप एक मीटर सत्तरच्या आसपास, आणि दोन्हीकडं बाभळीचे काटेरी फास असतात हे धरून चला. आखाड्यावर गाडी वळवायला जागा आहे का ते बघा. नसेल तर रोज पाव किलोमीटर रिव्हर्स यावं लागेल, आणि ते रात्री करून बघा म्हणजे कळेल. हे सगळं झाल्यावर ठरवा, गाडी आखाड्यापर्यंत न्यायची की डांबराच्या कडेला ठेवायची. मी पावसाळ्याचे तीन महिने डांबराच्या कडेलाच ठेवतो आणि माल बैलगाडीनं तिथवर आणतो. लोक हसतात. हसू द्या, माझी गाडी कोणाला ओढावी लागत नाही.

वाटच नसेल, शेजाऱ्यानं बांध फोडून अडवली असेल, तर आधी तहसीलमध्ये जा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, आणि असलेला रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडंच दाद मागता येते. गाडीचे हप्ते भरत हे भांडण लढू नका.

"फोर बाय फोर घेतो, मग काय टेन्शन"

पुण्याहून परत आलेल्या पोरांचं हे लाडकं वाक्य. मोबाईलवर कुठल्या तरी डोंगरातला व्हिडिओ बघतात आणि बापाच्या तीन एकरासाठी चारही चाकांना जोर असलेली गाडी मागतात. अरे, टायर डांबरी रस्त्याचे आहेत. दोन गुळगुळीत चाकांच्या जागी चार गुळगुळीत चाकं फिरतील, एवढाच फरक. मुरमाड चढावर ती गाडी भारी, ते मान्य. काळ्या चिखलात तिला मी दोनदा दोर लावलाय.

वर्षातल्या सहा दिवसांसाठी वर्षभराची गाडी

माझं दोन एकराचं सोयाबीन चांगल्या साली पंधरा-सोळा क्विंटल होतं. म्हणजे दीड टनाच्या जवळपास. मोठ्या पिकअपची ती एक खेप, मिनी ट्रकच्या दोन-तीन. संपला विषय. बाकी वर्षभर मी काय नेतो? दूध, म्हशींची पेंड, हिरवा चारा, युरियाच्या चार-दोन गोण्या (आता ४५ किलोची येते, हिशेब करताना पन्नास धरू नका), मोटार जळाली की मोटार. या सगळ्याला दीडशे-दोनशे किलोच्या वर काही लागत नाही.

म्हणून गाडी ठरवायच्या आधी एक वर्ष लिहून काढा. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहायचो: तारीख, काय नेलं, किती वजन, वाट कशी होती. वर्षाच्या शेवटी लक्षात आलं की मोठी गाडी मला सहाच दिवस लागली. सहा दिवस भाड्यानं मिळते. तीन एकराच्या आत असाल आणि भाडी मारायचा धंदा करायचा नसेल, तर माझं स्पष्ट मत आहे, चारचाकी घेऊच नका. तीनचाकी मालवाहू घ्या, नाहीतर भाड्यानं भागवा. हे ऐकून लोकांचं तोंड उतरतं. त्यांना गाडीबद्दल सल्ला नको असतो, होकार पाहिजे असतो.

आणि वजन वेगळं, आकार वेगळा. कापूस जागा खातो, सोयाबीन पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) खातं. कापसानं शिगोशीग भरलेली गाडी डोंगरासारखी दिसते पण पाट्यांना फार जड होत नाही. तिला भीती वाऱ्याची आणि वरच्या लोंबत्या तारांची. कडब्याचंही तेच. सोयाबीन, सिमेंट, ओली वाळू मात्र निम्म्या हौद्यातच गाडीचा जीव काढतात. पाणी तर सगळ्यांत फसवं. इथं माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल.

पाण्याची टाकी

२०१६ चा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. माझी दीडशे मोसंबीची झाडं होती आणि विहीर तळाला गेलेली. मी एक जुना मिनी ट्रक घेतला होता, कागदावर माल सातशे किलोच्या आसपास. त्यात हजार लिटरची काळी टाकी ठेवली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे मला शाळेपासून माहीत होतं. तरी मी ती काठोकाठ भरायचो, कारण जवळच्या पाण्यासाठी पाच किलोमीटर जावं लागायचं आणि खेपा वाचवायच्या होत्या.

बारा दिवस चाललं. बाराव्या दिवशी अर्धं पाणी एका बांधाला सोडून उरलेलं घेऊन चारीच्या कडेनं निघालो. मला वाटलं वजन निम्मं झालं, आता काळजी नाही. उलट आहे. भरलेल्या टाकीतलं पाणी जागेवर राहतं, अर्ध्या टाकीतलं हिंडतं. वळणावर ते सगळं एका अंगाला गेलं, बारा दिवस सोसलेला मागचा पाटा नळकांडी पुलावर आवाज करून तुटला, गाडी कलली आणि टाकी हौद्याचा फाळका तोडून चारीत. मी आणि सालगडी दोघंही वाचलो, कारण वेग बैलगाडीचा होता. सालगडी खाली उतरला, टाकीकडं बघून म्हणाला, "मालक, दोनदाच न्यायचं होतं की." त्याला मी आजतागायत उत्तर दिलेलं नाही.

आता पाचशेच्या वरची टाकी मी हौद्यात ठेवत नाही. ठेवली ती केबिनला टेकवून, दोन्ही बाजूंनी दोर आवळून, आणि निघताना एकतर पूर्ण भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी. सारखंच पाणी वाहायचं असेल तर आत आडवे पडदे असलेला, चाकांवरचा टँकर ट्रॅक्टरला लावा. आणि "जादा पाटा टाकून घेतो, मग दीड टन बसतं" म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करा. पाटा जड केला म्हणून ब्रेक, ॲक्सल, टायर मोठे होत नाहीत. कागदही बदलत नाही. ओव्हरलोडला २०१९ नंतर दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगंमागं, तूर-हरभऱ्याचे शिमग्याच्या आसपास. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा खत-फवारणीत खिसा रिकामा असतो, तेव्हाच हप्ते थकतात. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते सहज मिळतात, पिकअपला मागावे लागतात. मागा. मिळाले नाहीत तर दुधाच्या पगारात बसेल एवढाच हप्ता ठेवा. भाडी मारून हप्ता भरू, हे गणित गावात एक पिकअप असताना जुळत होतं. आता आमच्या गावात नऊ आहेत.

कागदपत्रं, थोडक्यात

चारचाकीचं साधं लायसन्स असेल तर ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हे सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा पक्कं केलं. एजंटाचं ऐकून घाबरू नका.

एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. पण हे एकूण म्हणजे गाडी आणि माल मिळून.

फिटनेसची तपासणी, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी.

हौद्यात वऱ्हाड, वारकरी, वेचणीच्या बाया बसवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या सातबाऱ्याकडं बघत येते.

जुनी गाडी घेताना

सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. मालकानं आधीच चालू करून ठेवली असेल तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा. आडवं पडून चेसिस बघा. वेल्डिंगचं ठिगळ दिसलं की तिथूनच परत. खत वाहिलेल्या गाडीचा हौदा वरून रंगवलेला असतो आणि खालून खाल्लेला, म्हणून चावीनं खालून टोचून बघा. पैसे देण्याआधी फायनान्सवाल्याची एनओसी (ना हरकत दाखला) हातात घ्या. "नाव नंतर लावू" म्हणणाऱ्याच्या दारात थांबू नका.

मोटारसायकलला ट्रॉली जोडायचं जुगाड ज्यांना करायचंय त्यांनी करावं, मला दाखवायला आणू नये.

मेव्हण्याची पिकअप सध्या विकायला काढलीय. चार जण येऊन गेले. टायर दाबून बघितले, टेप लावून बघितला, एकानं हॉर्न तीनदा वाजवला. पांदणीबद्दल कोणी विचारलं नाही. पाचवा पाडव्याला येतो म्हणालाय.