कमी खर्चात बुकशेल्फ स्पीकर निवडताना

खोली साधारण 10 बाय 12 फुटांची असेल, तर 5 ते साडेसहा इंची वूफर (खर्ज, म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग) असलेली जोडी पुरेशी होते. त्याहून मोठी पेटी अशा जागेत बहुधा खर्च वाढवते आणि खर्ज नुसता घुमवते. घरात ॲम्प्लिफायर नसेल, तर तो आतच बसवलेले ॲक्टिव्ह स्पीकर स्वस्त पडतात. पॅसिव्ह (वेगळा ॲम्प्लिफायर लागणारी) जोडी घेताना खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नये. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, पाहावी, कारण 87 डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यासाठी 84 डेसिबलच्या स्पीकरला दुप्पट शक्ती लागते. इम्पीडन्स (स्पीकरचा विद्युतरोध) 4 ओहम असल्यास आपला ॲम्प्लिफायर तेवढा भार पेलतो का, हेही तपासावे.

खरा निवाडा मात्र कानांनीच करावा. दुकानदाराने लावलेले झगमगीत संगीत बाजूला ठेवून आपल्या ओळखीचे तबल्याचे ध्वनिमुद्रण ऐकावे: डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड (घसरत जाणारा सूर) सलग ऐकू येते की नुसता धप्प आवाज होतो, आणि चाटीवरचा (तबल्याच्या काठावरचा) ‘ना’ खणखणीत वाजतो की कानाला टोचतो, एवढ्यावरून बरेच कळते. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठ्याने वाजणारी जोडी नेहमीच सरस भासते (आणि हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक असते).

पोर्ट (पेटीतली हवा ये-जा करण्याचे छिद्र) मागच्या बाजूस असेल, तर पेटी भिंतीला चिकटवून ठेवता येत नाही. त्यामुळे कपाटातच ठेवायचे असल्यास पुढे पोर्ट असलेली किंवा बंद पेटी निवडावी. ट्विटर (उंच सूर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर यावा, यासाठी स्टँडचे पैसे आधीच वेगळे काढावेत.