मिसळीला रेटिंग लावताय? मग या चुका टाळा

हल्ली आमच्या कोल्हापुरात प्रत्येक मंडळाला कशाचं ना कशाचं रेटिंग काढायचं असतं. मिसळ, पांढरा रस्सा, पेठांच्या संघातले गोलकीपर, काहीही. मोबाईलवर दोन नावं येतात, एक निवडायचं, आणि मागं एलोचं सूत्र प्रत्येक मतानिशी दोघांचे गुण वर-खाली करतं. पद्धत चांगली आहे. दहापैकी गुण द्या म्हटलं की माणूस आपल्या गल्लीला दहा आणि बाकीच्यांना दोन देऊन मोकळा होतो, "या दोनातली कुठली?" विचारलं की जरा थांबतो. पण पुढं जे घोळ होतात ते निस्तरून मी वैतागलोय.

आधी एक किरकोळ राग. एलो हे कशाचंही लघुरूप नाही. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांनी ही पद्धत बुद्धिबळपटूंसाठी बसवली. अमेरिकेच्या संघटनेनं ती १९६० मध्ये घेतली, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं १९७० मध्ये. तेव्हा इंग्रजीत तिन्ही अक्षरं मोठी लिहू नका.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: जोड मतदाराला निवडू देणं. खासबागेच्या कुस्ती मैदानात कोण कुणाशी लढणार हे बघ्यांना विचारून ठरत नाही. आम्ही मात्र सोळा मिसळींची यादी दिली आणि म्हटलं, खाल्लेल्या कुठल्याही दोन निवडा. आठ पेठांतल्या, आठ राजारामपुरी-शाहूपुरीकडच्या. पेठेतल्यांनी पेठेतल्याच दोन निवडल्या, तिकडच्यांनी तिकडच्या. सोळांच्या जोड्या होतात १२०, त्यातल्या ६४ इकडची विरुद्ध तिकडची अशा. त्या जवळपास सगळ्या कोऱ्या!

तरी यादी झोकात लागली. इकडची एक १६४०, तिकडची एक १६३५. पाच गुणांवरून दोन रात्री भांडणं. आकड्यांना अर्थच नव्हता. एलोत जिंकणाऱ्याला मिळतात ते गुण हरणाऱ्याच्या खिशातून जातात. सगळ्यांची सुरुवात १५०० नं झाली आणि दोन गट एकमेकांना भिडलेच नाहीत, तर दोन्हींची सरासरी १५०० वरच राहते. एका गटात नुसतं तिखट पाणी असलं तरी त्यातलं बरं पाणी १६४० ला जाऊन बसतं.

शेवटी मी आणि एक मित्र स्कूटरवर दोन किटल्या घेऊन निघालो. कट किटलीत, फरसाण वेगळं, ब्रेड वेगळा. मिरजकर तिकटीजवळ एका कट्ट्यावर दोन वाट्या शेजारी मांडायच्या, नावं झाकायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला खायला लावायचं. सहा दिवस सकाळी हेच केलं. इकडची पहिली घसरून सहावी झाली. तिचा मालक अजून मला जादा कट देत नाही. तेव्हापासून जोड्या मी चिठ्ठ्या टाकून काढतो आणि कमी भिडलेल्या जोड्या आधी पुढं करतो.

दुसरी चूक म्हणजे घाई. "निकाल लाव की भावा, पोरं थांबल्यात," असा फोन पहिल्याच संध्याकाळी येतो. एका मतानं किती गुण हलायचे ते ठरवणारा आकडा, के, ३२ ठेवला की दोन बरोबरीच्यांत एका मतानं १६ गुण इकडून तिकडं. चार मतं ओळीनं पडली की पोरं हलगी काढतात. शिवाय तीच मतं उलट्या क्रमानं भरली तर एलो वेगळा आकडा देतं, कारण ते ताज्या निकालाकडं झुकतं. पैलवान वर्षभरात तयार होतो, त्याला ते ठीक. मिसळ आठवड्यात काय तयार होणार? अशा ठिकाणी सगळी मतं एकदम घेऊन हिशेब मांडणारं ब्रॅडली-टेरीचं १९५२ चं सूत्र बरं. संगणकी चॅटबॉटांना अशीच जोडीनं मतं घेऊन क्रम लावणारे चॅटबॉट अरेनावालेही आधी एलो वापरत होते, नंतर इकडंच वळले. ते जमत नसेल तर माझी सवय सांगतो: मतांचा क्रम शंभरदा पिसायचा, दरवेळी एलो काढायचं आणि सरासरी घ्यायची. अर्ध्या तासाचं काम आहे, पण तेवढाही दम कुणाला नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. एकच नाव कायम डावीकडं दाखवू नका, डावं बोट आपसूक दाबलं जातं. बरोबरीचं बटण द्या आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण द्या. एका फोनवरून एका जोडीला एकच मत. आणि २०० गुणांची आघाडी म्हणजे "नक्की जिंकणार" नव्हे. शंभरात सुमारे ७६ वेळा, एवढंच.

गेल्या खेपेला पहिल्या दोघींत नऊ गुणांचा फरक होता आणि क्रम पिसला की दोघी वरखाली व्हायच्या. मी अध्यक्षांना म्हटलं, पहिला नंबर दोघींना द्या. ते गप्प झाले. ट्रॉफी एकच आणली होती.