पांढऱ्या रंगातून वर येणारे तपकिरी डाग: अखेर थांबले

जुन्या महोगनी कपाटाला पांढरा ॲक्रिलिक रंग दिला. रात्री एकसारखा दिसत होता. सकाळी दाराच्या कडेला चहा ओघळल्यासारखे गुलाबी-तपकिरी डाग. आणखी दोन हात दिले, घासून पुन्हा दिला, पाण्याचा साधा प्रायमरही मारून पाहिला. डाग परत हजर. तिसऱ्या आठवड्यात अक्षरशः रडू आलं.

दोष रंगाचा नव्हता. महोगनीतलं टॅनिन (लाकडातलं डाग पाडणारं नैसर्गिक द्रव्य) आणि जुन्या पॉलिशमधला रंग पाण्यात विरघळतो. पाण्याचा रंग वाळताना त्याला वर ओढून आणतो, म्हणजे प्रत्येक नवा हात डागाला खतपाणीच घालतो.

थांबवलं ते चपड्याने, म्हणजे मिथिलेटेड स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) विरघळवलेल्या लाखेने. चपडा मेण काढलेलाच घ्या, मेण असेल तर वरचा रंग नीट धरत नाही.

आधीचा हात 24 तास वाळू दिला. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त चकाकी घालवली, धूळ पुसली. मग खिडक्या उघडून, जवळ कुठेही ज्योत नसताना, लाकडाच्या रेषांच्या दिशेने चपड्याचे दोन पातळ हात, मध्ये तासभर. संपूर्ण दाराला. आधी मी नुसत्या डागांवर लावला होता, तर शेजारून नवे उमटले. रात्रभर वाळल्यावर 320 ने अलगद हात फिरवला, कोपऱ्यात वीतभर जागी रंग लावून एक दिवस वाट पाहिली. कोपरा पांढराच राहिला. मग सगळीकडे दोन हात.

ब्रश स्पिरिटमध्येच धुवा, पाण्याने चपडा निघत नाही.