वर्गात काय लावायचं? आधी खिडकी बघा

दर जूनमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये हाच विषय निघतो, शिकवायला कुठलं ॲप चांगलं, कुठलं फ्री, तू काय वापरतेस. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, शाळा हार्बर लाईनला लागून, वर्गात ५८ पोरं, आणि इतक्या वर्षांत ठेच खाऊन जे कळलं ते लिहितेय.

आधी लॅपटॉप बंदच ठेवा. कागदावर एक वाक्य लिहा, तास संपल्यावर पोरांना काय जमलं पाहिजे. मग स्वतःला विचारा की यातलं खडूने काय होत नाही? जे होत नाही तेवढ्यापुरतंच टूल शोधायचं. हृदयाची आकृती मी अजून फळ्यावरच काढते, कारण मी एकेक रेघ काढते तशी तीही काढतात, स्लाइडवर सगळं एकदम समोर आलं की पोरं नुसती बघत बसतात.

पण विद्युतधारा? तिथे खडू हरतो. निम्म्या वर्गाला ठाम वाटत असतं की बल्बमध्ये करंट खर्च होतो आणि पुढे कमी उरतो. इथे मी फेटचं सर्किटवालं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करायचा प्रयोग, लावते. (फेट म्हणजे कोलोराडो विद्यापीठाचा प्रकल्प, नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.) बॅटरी, बल्ब, वायर जोडली की इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके पळायला लागतात. मी लगेच काही बोलत नाही, आधी वहीत अंदाज लिहायला लावते, मग बल्बच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक ॲमीटर (करंट मोजायचं यंत्र) लावते. दोन्हीकडे आकडा सेम. मागून हमखास आवाज येतो, "बाई, हे बिघडलंय." मग बॅटरी वाढवून दाखव, वायर तोडून दाखव, आणि वाद सुरू. हा वाद होण्यासाठीच तर टूल लावलं. आणि हो, घरच्या नेटवर पान आधीच उघडून लॅपटॉप तसाच मिटून न्या, एकदा लोड झालं की नेट गेलं तरी चालतं, फक्त चुकून रिफ्रेश मारू नका.

आता खिडकी. आमच्या वर्गात दुपारी थेट ऊन येतं, प्रोजेक्टरवर फिकट सावल्या दिसतात, म्हणून व्हिडिओचे तास सकाळी, किंवा खिडकीला काळी कार्डशीट. आवाजाचं तर विचारूच नका, वर पंखे, बाहेर लोकल, लॅपटॉपचा स्पीकर तिसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नाही. स्पीकर नसेल तर व्हिडिओ म्यूट करून तुम्हीच बोला, खरं तर ते जास्त चांगलं होतं. तीन-चार मिनिटांच्या वर लावूच नका, आणि मध्ये थांबवून "आता पुढे काय होईल" विचारा. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडने दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर जे मिळतं ते आधी डाउनलोड करून ठेवता येतं, पण स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय वर्गात नेऊ नका, प्लीज.

स्लाइड बनवताना सगळ्यात मोठी चूक मीही केलीय, अख्खा परिच्छेद टाकायचा आणि तोच वाचून दाखवायचा. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, चित्र दाखवून तोंडी सांगितलं तर नीट कळतं, त्यावर तेच शब्द लिहून पण दाखवले तर लक्ष फुटतं. म्हणून चित्र मोठं, नाव चित्राच्या त्या भागालाच चिकटून, बाकी तुमचा आवाज. मराठी टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरही अक्षरं तशीच दिसतात. मी एकदा जुन्या फॉन्टमध्ये ४० स्लाइड केल्या आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर 'प्रकाशसंश्लेषण'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ, पोरं तर नुसती खिदळत होती. तेव्हापासून पीडीएफ सोबत असतेच.

भूमितीला जिओजेब्रा (आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर) डोळे मिटून घ्या, ते शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे व्हिडिओ धडे, आहेत. कोणाला कळलं कोणाला नाही ते बघायला प्लिकर्स हे ॲप, पोरांकडे मोबाईल लागत नाही, उत्तराप्रमाणे कागदी कार्ड फिरवून धरतात आणि फक्त तुमचा फोन स्कॅन करतो. छोटा प्रयोग सगळ्यांना दाखवायचा असेल तर पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फोन आडवा ठेवून प्रोजेक्टरला जोडा, महागडा व्हिज्युअलायझर (टेबलावरची वस्तू पडद्यावर दाखवणारा कॅमेरा) कशाला.

आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळं लावून शेवटच्या बाकावर जाऊन बसा, अक्षर वाचता येत नसेल तर साइझ वाढवा, मी २८ च्या खाली जातच नाही. आणि एचडीएमआयची वायर स्वतःची न्या, शाळेची कोणीतरी गॅदरिंगला नेलेली असते आणि ती परत आलेली नसते.