गावाच्या पुराची आणि दरडींची नोंदवही कशी तयार करावी

रायगड जिल्ह्यातील महाड हे सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले छोटे शहर आहे. सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि दासगावच्या बाजूने बाणकोट खाडीतून समुद्राला मिळते. महाडच्या पुरात म्हणूनच घाटमाथ्यावरचे पाणी असते, गावात पडलेले असते आणि या दोहोंना वाट न देणारी खाडीची भरतीही असते. तालुक्यातील डोंगरपायथ्याच्या वाड्यांना दरडीचे भय वेगळेच. अशा ठिकाणी ‘त्या वर्षी फार पाणी आले होते’ एवढ्या आठवणीवर भागत नाही. पाणी किती आले, केव्हा आले आणि कोणत्या वाटेने आले, हे कागदावर असावे लागते. पुढील रीत महाड परिसर डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे. खाडीलगतच्या कोकणातील कोणत्याही गावाला ती थोड्या फरकाने लागू पडेल.

सुरुवात जुन्या माणसांपासून करावी, कारण कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. त्यांना साल विचारू नये. ‘तेव्हा घरात कोण लहान होते, भात लावून झाले होते का, गणपती यायचे होते की येऊन गेले होते,’ असे विचारले की काळ आपोआप उलगडतो, आणि मग त्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून वर्ष निश्चित करता येते. सांगणारी व्यक्ती त्या वेळी कोठे उभी होती, हेही लिहावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही म्हणणी तशीच ठेवावीत. आपण मधला आकडा काढू नये.

प्रत्येक घटनेपुढे इंग्रजी तारखेबरोबर तिथी लिहावी, असा माझा विशेष आग्रह आहे. भरती-ओहोटी चंद्रावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली होते. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे पौर्णिमा दोन दिवसांवर होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणून किनाऱ्यावर भरती सकाळी दहाच्या आगेमागे येणार, आणि खाडीत आत यायला तिला आणखी वेळ लागणार. घाटमाथ्यावर कोसळलेले पाणी खाली येत असताना समोरून उधाण असेल, तर उतार पडायला उशीर होतो. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. ती आषाढ अमावास्या होती. एवढ्यावरून कारण ठरवण्याची घाई करू नये, परंतु तिथीच लिहिलेली नसेल तर पुढच्या पिढीला हा मेळ तपासताही येणार नाही.

पाण्याची उंची मोजण्याचे काम पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवसांतच उरकावे. भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ उमटलेली असते. तिच्यावर कधी गवताची काडी, कधी भाताचे तूस चिकटलेले असते, आणि घर धुताना सर्वांत आधी तीच पुसली जाते. रेघेच्या वरच्या कडेवर खिळ्याने खूण कोरावी, शेजारी तारीख रंगवावी आणि मग टेपाने मोजावे. ‘कमरेएवढे’, ‘जोत्याच्या वर’ ही मापे पुरेशी नाहीत, कारण माणसांची उंची निरनिराळी असते आणि नव्या बांधकामात जोते उचलले जाते. गावातील सहसा न बदलणारी एक जागा, उदाहरणार्थ देवळाची खालची पायरी, शून्य धरावी आणि गवंडी वापरतात त्या पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने आळीतील प्रत्येक खूण तिच्याशी जोडावी. दोन माणसांना हे काम जमते. पाणी प्रथम कोणत्या गटारातून किंवा वहाळातून उलटे आले, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

दरडीचा हिशेब निराळा आहे. डोंगर तिथी पाहत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस उलटले होते. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. या दोन्ही वेळी, आणि पूल कोसळला तेव्हाही, पाऊस साधारण पुष्य नक्षत्राचा होता, म्हणजे जमीन दीड महिना भिजलेली होती. बेसॉल्टच्या खडकावर झिजलेल्या मातीचा जाड थर असतो. तो पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो घसरतो. यासाठी नोंदवहीत एका दिवसाच्या पावसाबरोबर मागील तीन दिवसांची बेरीजही ठेवावी. सपाट तळाचे, सरळ बाजूंचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजावेत. हवामान खाते चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पावसाला अत्यंत मुसळधार म्हणते.

पावसाच्या आकड्यांशेजारी डोंगराची स्थिती लिहावी: माळावर नवी भेग पडली का, जुनी किती बोटे रुंदावली, झरा गढूळ झाला किंवा अचानक आटला का, झाडे किंवा विजेचे खांब कलले का, दाराची चौकट अडकू लागली का. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांमधील अंतर रोज मोजणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ते अंतर वाढू लागले, तर मोजत न बसता वाडी रिकामी करावी आणि तहसील कार्यालयाला कळवावे. भिजलेला डोंगर रात्रीही सुटू शकतो, म्हणून हे स्थलांतर उजेड असतानाच व्हावे.

कागदपत्रांना दुसरे स्थान द्यावे. तलाठ्याकडील पंचनामे, नगरपालिकेचे व ग्रामपंचायतीचे ठराव, जुन्या वृत्तपत्रांची कात्रणे आणि १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर पाहावे. हा जिल्हा पूर्वी कुलाबा म्हणून ओळखला जात असल्याने जुन्या कागदांत तेच नाव शोधावे लागते.

गोळा झालेले सर्व गावाच्या नकाशावर उतरवावे. पाणी जेथे पोहोचले ती हद्द निळ्या रंगाने आणि घसरलेले किंवा भेगाळलेले उतार तांबड्या रंगाने दाखवावेत. अंथरुणाला खिळलेली माणसे, गरोदर स्त्रिया आणि एकटे वृद्ध राहतात त्या घरांवर खूण करावी. खुणांची ही प्रत मात्र चव्हाट्यावर न लावता, मदतीला जाणाऱ्या तरुणांकडेच असावी. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी ती तपासावी, आणि मूळ वही शाळेच्या वरच्या मजल्यावर, पुराच्या सर्वांत उंच खुणेपेक्षा वर असलेल्या कपाटात ठेवावी.