देवावर मतदान: १७ ऑक्टोबर १९४९ची सभा आपल्या वाचनालयात कशी भरवायची

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर वर्षी २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, आमच्याकडे उद्देशिका, म्हणजे संविधानाची प्रस्तावना, वाचायची आणि चहा घेऊन घरी जायचं, एवढाच कार्यक्रम असे. एका वर्षी मी हौसेनं चर्चा ठेवली. फळ्यावर विषय लिहिला: 'राज्यकारभारात धर्माला जागा असावी का?' वीस मिनिटांत आवाज चढले. रोज सकाळी एकाच बाकावर बसून पेपर वाटून वाचणारे दोघे जण एकमेकांना नको ते बोलले आणि उठून गेले. त्यातले एक, निवृत्त पोस्टमास्तर, पुढे सहा महिने वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

चूक माझ्या प्रश्नाची होती. असा प्रश्न विचारला की माणूस विचार करत नाही, आपल्या बाजूनं उभा राहतो. पण विषय सोडून द्यावा असंही वाटेना, कारण घराघरांत, लग्नात, एसटीत लोक यावरच बोलतात. मग मी संविधान सभेची, म्हणजे ज्या सभेनं संविधान घडवलं तिची, कामकाजाची पानं काढून वाचली आणि १७ ऑक्टोबर १९४९चा दिवस हाती लागला. त्या दिवशी उद्देशिका सभेपुढे आली होती आणि तिच्या सुरुवातीला देवाचं नाव घालावं की नाही यावर खरोखर हात वर करून मतदान झालं. ही भाषणं आम्ही आता पाच वर्षं मोठ्यानं वाचतो आहोत. एकदाही भांडण झालेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शाळेत, महिला मंडळात, सोसायटीच्या हॉलमध्ये, कुठेही करता येईल.

तयारी

संविधान सभेचं सगळं कामकाज इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. त्यातला दहावा खंड उघडा आणि १७ ऑक्टोबरची बैठक शोधा. बहुतेक भाषणं इंग्रजीत आहेत. त्यांचं मराठी तुम्हीच करा आणि ते बोलीतलं करा. आमच्या पहिल्या चिठ्ठ्या मी शासकीय मराठीत लिहिल्या होत्या आणि नववीतली मुलं 'तद्नुसार'वर अडखळत होती. प्रत्येक वक्त्याची एक चिठ्ठी, अर्ध्या पानाची, मोठ्या अक्षरात. चष्मा विसरून आलेल्या माणसालाही वाचता आली पाहिजे.

सात माणसं लागतात: अध्यक्ष राजेंद्र प्रसाद, हरी विष्णू कामत, गोविंद मालवीय, रोहिणीकुमार चौधरी, पट्टम थाणू पिल्लै, हृदयनाथ कुंझरू आणि पूर्णिमा बॅनर्जी. बाकी सगळे सभासद. शिवाय एक एक रुपयाची नाणी मूठभर, एक-दोन भिंगं आणि एक वही. दोन तास पुरतात.

आधी नाणं

सुरुवात मतानं करू नका, वस्तूनं करा. प्रत्येकाच्या हातात एक नाणं द्या आणि फक्त काय दिसतं ते सांगायला लावा. सिंह सगळे सांगतात. भिंग दिलं की खालच्या पट्टीवर मध्ये चक्र, एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल दिसतो. त्याखाली 'सत्यमेव जयते'. एका वर्षी सातवीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, सिंह तीनच का?" चौथा मागच्या बाजूला आहे, म्हणून दिसत नाही, हे सांगितल्यावर तिनं नाणं उलटं करून पाहिलं.

मग सांगा की हे सिंह सारनाथच्या अशोकस्तंभाचे. बुद्धानं पहिलं प्रवचन दिलं, त्या जागी अशोकानं तो स्तंभ उभारला. खालचे शब्द मुंडक उपनिषदातले. म्हणजे २६ जानेवारी १९५०ला आपण स्वीकारलेल्या राजमुद्रेत बौद्ध शिल्प आहे आणि वैदिक वचन आहे, आणि तरी ही मुद्रा कोणत्याही धर्माची म्हणून आपण वापरत नाही. इथे थांबा. लोकांना यावर बोलायचं असतं, बोलू द्या. "म्हणजे धर्म बाहेर ठेवलाच नव्हता" असं कोणीतरी म्हणतं, "पण धर्म म्हणून आत घेतला नव्हता" असं दुसरं म्हणतं. दोन्ही बरोबर आहे आणि इतक्या लवकर निकाल लावायचा नाही.

ध्वजाची गोष्ट इथेच सांगून टाका, पाच मिनिटांत. सुरुवातीच्या काळात झेंड्याचे रंग धर्मांच्या नावानं सांगितले जात: लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्यांचा. मग शिखांनी विचारलं, आमचा रंग कुठे? १९३१ साली काँग्रेसनं सात जणांची समिती नेमली. समितीनं अख्खा केशरी झेंडा सुचवला. तो मुंबईच्या बैठकीत मान्य झाला नाही. तिथे केशरी, पांढरा, हिरवा हे तीन रंग ठरले आणि या रंगांचा कोणत्याही धर्माशी संबंध नाही असं ठरावात स्पष्ट लिहिलं गेलं. २२ जुलै १९४७ला नेहरूंनी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकाचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. अजूनही कोणी तरी 'हिरवा त्यांचा' म्हणतंच. म्हणून ही गोष्ट वगळू नका.

चिठ्ठ्या कोणाला द्यायच्या

सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. ज्याचं मत तुम्हाला माहीत आहे, त्याला उलट बाजूची चिठ्ठी द्या. गाव लहान असतं, कोण काय म्हणतं हे ग्रंथपालाला पक्कं ठाऊक असतं. मी त्या रुसलेल्या पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन, उद्देशिकेत देवाचं नाव नको म्हणणाऱ्या कुंझरूंची चिठ्ठी दिली. त्यांनी ती दारातच वाचली आणि म्हणाले, "हे मला पटत नाही." मी म्हटलं, "पटायला नको, नीट वाचायला हवं." ते आले. नीट वाचलं. मतदानाला मात्र त्यांनी हात देवाचं नाव मागणाऱ्या कामतांसाठीच वर केला, आणि आजही करतात. त्यांचं मत बदललं नाही याचं मला काही वाटत नाही. ते परत बाकावर बसायला लागले, शेजारी तोच जुना सोबती आहे.

कामतांची चिठ्ठी देताना विशेष काळजी घ्या. लोकांना वाटतं, देवाचं नाव मागणारा म्हणजे कोणी सनातनी असणार. हरी विष्णू कामत आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारची वरिष्ठ प्रशासकीय नोकरी, सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉक पक्षात गेलेले, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून सभेवर आलेले. ही ओळख आधी करून द्या. त्यांचं म्हणणं असं, की उद्देशिका 'देवाच्या नावाने, आम्ही भारताचे लोक' अशी सुरू व्हावी. गीतेतला 'यत्करोषि यदश्नासि' हा श्लोक म्हणून त्यांनी संविधान देवाला अर्पण करायची विनंती केली. हा भाग ज्याला श्लोक म्हणता येतो त्यालाच द्या. आमच्याकडे भजनी मंडळातल्या एका बाईंनी म्हटला तेव्हा मागच्या रांगेतल्या कुजबुजी थांबल्या. त्या मागणीतला भाव खरा होता आणि तो ऐकणाऱ्यांपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं एकतर्फी होतं.

गोविंद मालवीय, मदनमोहन मालवीयांचे चिरंजीव, यांचा शब्द वेगळा: परमेश्वराच्या कृपेनं, ज्याला जगातले लोक निरनिराळ्या नावांनी हाक मारतात. हे छोटं आहे, लाजऱ्या मुलाला द्या.

मग रोहिणीकुमार चौधरी. ते आसामचे, कामाख्येच्या प्रदेशातले. आम्ही शाक्त, देवीला मानणारे, मग नुसतं देवाचं नाव घेऊन देवीला का वगळता, असं त्यांनी विचारलं. इथे आमच्याकडे दर वेळी बायका टाळ्या वाजवतात. वाजवू द्या, कारण प्रश्न तिथेच उघडा पडतो: एकदा नाव घालायचं म्हटलं की कोणाचं?

थाणू पिल्लै त्रावणकोरचे, स्वतः आस्तिक. ते म्हणाले, मी देव मानतो, पण ही दुरुस्ती मान्य केली तर श्रद्धेची सक्ती होईल. मानायचं की नाही हा माणसाचा हक्क आपणच देतो आहोत. कुंझरूंचं म्हणणं त्याच वाटेनं पुढे गेलं: याच उद्देशिकेत आपण विचार, श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य लिहितो आहोत, मग तिच्याच पहिल्या ओळीत सगळ्यांच्या वतीनं देवाचं नाव घेणं त्याच्याशी जुळत नाही. ही चिठ्ठी सावकाश वाचायला सांगा, यात युक्तिवादाचा गाभा आहे.

पूर्णिमा बॅनर्जी शेवटी. आमची चिठ्ठी अशी आहे: "कामतांना माझी विनंती आहे, देवावर मत द्यायची अवघड वेळ आमच्यावर आणू नका." एवढंच. ही चिठ्ठी मी स्वतः वाचते. माझ्या घरी रोज संध्याकाळी दिवा लागतो, एकादशी चुकत नाही. आणि म्हणूनच मला वाटतं की त्या दिवशी विरोध करणारे बरोबर होते. माझा विठोबा बहुमतानं ठरावा किंवा अल्पमतात जावा, हे मला सहन होणार नाही. हे माझं मत आहे आणि मी ते मतदान झाल्यावरच सांगते.

मतदान

अध्यक्षांनी दुरुस्ती मताला टाकायची. हात वर, आणि दोन्ही बाजूंचे हात दोन वेगळ्या माणसांनी मोजायचे. चिठ्ठी कोणाचीही वाचली असली तरी आता ज्यानं त्यानं आपलं खरं मत द्यायचं, हे आधी सांगा. आकडे वहीत लिहा. मगच खरा निकाल वाचा: बाजूनं ४१, विरुद्ध ६८. आणि त्यावर कामत म्हणाले, आपल्या इतिहासातला हा काळा दिवस आहे, देव भारताचं रक्षण करो. हे वाक्य कामतांच्याच वाचकानं उभं राहून म्हणायचं. लगेच कोणी बोलू नये, अर्धा मिनिट जाऊ द्या.

मग दुसरी गोष्ट सांगा, जी मला स्वतःला फार मोलाची वाटते. हेच कामत त्याआधी, डिसेंबर १९४८मध्ये, जिंकले होते. राष्ट्रपतींच्या शपथेच्या मसुद्यात देवाचं नाव नव्हतं. कामत आणि महावीर त्यागी यांनी ते मागितलं आणि ते आलं, पण पर्याय म्हणून. आजही अनुच्छेद ६०मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत दोन वाटा आहेत: ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यानं प्रतिज्ञा करा. मंत्र्यांचा शपथविधी टीव्हीवर लागला की कोण काय म्हणतं ते ऐका. म्हणजे एकेका माणसाच्या तोंडी देव चालला, सगळ्यांच्या वतीनं चालला नाही. हा फरक आमच्याकडे एका रिक्षावाल्या दादांनी सगळ्यात आधी पकडला.

'धर्मनिरपेक्ष' शब्द निघतोच

कोणीतरी म्हणणार, "हा शब्द तर इंदिरा गांधींनी घुसवला." उत्तर तयार ठेवा, आवाज न चढवता द्या. उद्देशिकेत तो ४२व्या घटनादुरुस्तीनं आला, १९७६ साली, आणीबाणीत. हे खरं आहे आणि मान्य करा. पण के. टी. शहा यांनी तो संविधानात घालायची दुरुस्ती १५ नोव्हेंबर १९४८लाच मांडली होती आणि ती फेटाळली गेली, हेही खरं. देवाचं नावही फेटाळलं आणि हा शब्दही, त्याच सभेनं. धर्मस्वातंत्र्याचे अनुच्छेद २५ ते २८ मात्र पहिल्या दिवसापासून आहेत. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा शब्द काढायच्या याचिका फेटाळल्या. मराठी उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि लोकांना फरकावर बोलू द्या. मराठी माणसाला 'धर्म' म्हणजे नुसता पंथ वाटत नाही, त्यामुळे इथे चांगलं बोलणं निघतं.

आजचे विषय मतदानाच्या आधी काढू देऊ नका. नंतर हवं तर अर्धा तास. २८ मे २०२३ला नव्या संसदेत सेंगोल, म्हणजे तमिळ परंपरेतला राजदंड, बसवला गेला आणि त्याच दिवशी सर्वधर्म प्रार्थनाही झाली, यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंनी समजून बोलणं झालं, कारण तोवर सगळ्यांनी दुसऱ्याची चिठ्ठी वाचलेली होती. मोबाईल मात्र टोपलीत. कोणी फॉरवर्ड वाचून दाखवायला लागलं की पुन्हा पहिल्या वर्षीसारखं होतं.

शेवटी सगळ्यांनी उभं राहून उद्देशिका वाचायची. 'आम्ही, भारताचे लोक' म्हणण्याआधी एक श्वास थांबा. कामतांना देवाचं नाव तिथे हवं होतं. मग चहा, आणि जायच्या आधी चिठ्ठ्या मोजून परत घ्या. मालवीयांची चिठ्ठी सगळ्यात लहान असते, आमच्याकडून ती दोनदा हरवली आहे.